काळ्या पट्ट्यांचे वाघ आणि ताडोबाच्या दोन वाघिणी: सिमिलिपालचं प्रकरण

पार्श्वभूमी

ओडिशाच्या उत्तर टोकाला मयूरभंज जिल्ह्यात सिमिलिपाल नावाचं २,७५० चौरस किलोमीटरचं व्याघ्र राखीव क्षेत्र आहे. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा देशातल्या पहिल्या नऊ क्षेत्रांत त्याचा नंबर लागला होता. डोंगराळ मुलूख, साल वृक्षांची दाट झाडी, बारमाही ओढे, मोठमोठे धबधबे. जंगल म्हणून पाहिलं तर वाघाला इथे नाव ठेवायला जागा नाही. उणीव आहे ती शेजाराची. एका बाजूला केओंझरच्या लोहखनिजाच्या खाणी, उत्तरेला जमशेदपूरकडचा कारखानदारीचा पट्टा, पूर्वेला भातशेती, महामार्ग आणि रेल्वे. बाहेरचा वाघ इथे येऊन स्थिरावला, असं अनेक दशकांत घडल्याची खूण सापडत नाही.

वाघ किती, या प्रश्नाची उत्तरं काळानुसार बदलत गेली. २००४ च्या गणनेत सिमिलिपालमध्ये १०१ वाघ नोंदवले गेले होते. ती गणना पावलांच्या ठशांवरची. वनरक्षकाने ठशावर काच धरायची, आकृती गिरवायची, प्लास्टरचा साचा घ्यायचा आणि मग साचे ताडून वाघ मोजायचे. एकाच वाघाचं पाऊल चिखलात वेगळं उमटतं आणि धुळीत वेगळं, त्यामुळे एकाचे दोन-तीन वाघ व्हायला वेळ लागत नसे. पुढे कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो टिपणारे कॅमेरे) आले, अंगावरच्या पट्ट्यांवरून प्रत्येक वाघ ओळखता येऊ लागला आणि आकडे जमिनीवर आले. संपूर्ण ओडिशाचा अंदाज २००६ साली ४५, २०१० साली ३२, २०१४ आणि २०१८ साली २८, तर २०२२ साली २० होता. यातले बहुतेक वाघ सिमिलिपालचेच.

ही घसरण निव्वळ मोजणीच्या पद्धतीची नव्हती. दर उन्हाळ्यात आसपासचे लोक जथ्याने जंगलात उतरून ‘अखंड शिकार’ करतात, त्यात सांबर-रानडुकरं मोठ्या संख्येने जातात. वाघाचंच अन्न ते. त्यातच मार्च २००९ मध्ये माओवाद्यांनी सिमिलिपालमधल्या वनचौक्यांवर हल्ले केले आणि गस्तीची घडी विस्कटली.

वाघ असे कमी होत असताना त्यांचा रंग मात्र बदलत होता. १९९३ साली पोडागड गावाजवळ एका मुलाने स्वतःला वाचवताना बाणाने एक वाघीण मारली, तिचं कातडं काळपट होतं. २००७ साली असा वाघ कॅमेऱ्यात आला. याला काळा वाघ म्हणतात खरं, पण तो काळ्या बिबट्यासारखा सगळा काळा नसतो. त्याचे पट्टे रुंद होऊन एकमेकांत मिसळलेले असतात. पाठीवर तर पट्टा कुठला आणि मधली जागा कुठली ते कळत नाही, सगळी शाई सांडल्यासारखी. कुशीवर त्या काळ्यातून तांबूस रंगाच्या फटी दिसतात आणि चेहरा व पायांपाशी आल्यावर पुन्हा ओळखीचा वाघ भेटतो.

संशोधनातून काय कळलं

बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातल्या संशोधकांनी २०२१ साली या रंगाचं मूळ शोधून काढलं. टॅकपेप नावाच्या एका जनुकातला एकच बदल याला कारणीभूत आहे. घरातल्या मांजरांच्या अंगावर रेघांऐवजी मोठे गोलसर डाग येतात किंवा आफ्रिकेतल्या ‘किंग’ चित्त्याच्या ठिपक्यांचे पट्टे होतात, त्यामागेही याच जनुकातले बदल असतात.

बछड्याला आईकडून आणि बापाकडून या जनुकाची एकेक प्रत मिळते. दोन्ही बदललेल्या असतील तरच तो काळा होतो. एकच बदललेली असेल तर तो दिसायला नेहमीसारखा, पण पुढच्या पिढीला ती प्रत देऊ शकणारा. सिमिलिपालमधल्या १२ वाघांच्या नमुन्यांत बदललेल्या प्रतीचं प्रमाण ०.५८ निघालं. इतर जंगलांतल्या वाघांचे नमुने तपासले, त्यांत ती सापडली नाही. ०.५८ ला ०.५८ ने गुणलं तर ०.३४ येतात, म्हणजे साधारण तीनातला एक वाघ काळा असायला हवा. संशोधकांनी प्रत्यक्षात दिलेलं प्रमाण सुमारे ३७ टक्के होतं. हिशेब जुळला.

पण हे प्रमाण इतकं वाढलं कसं? दाट सावलीच्या जंगलात काळा रंग लपायला बरा, म्हणून असे वाघ तगले, हे स्पष्टीकरण ऐकायला छान वाटतं आणि ते साफ खोडून काढता येतं असंही नाही. तरी संशोधकांच्या मांडणीनुसार एवढ्या मोठ्या फरकाला निव्वळ योगायोग पुरेसा ठरतो. वंश चालवणारे वाघ मोजके. त्यातल्या एखाद्याकडे ही प्रत होती आणि त्याची पिल्लं जगली. शेजारच्या वाघिणीकडे नव्हती, पण तिची पिल्लं गेली. शंभर-दोनशे वाघांच्या जंगलात अशा घटनांची सरासरी निघून जाते. वीस वाघांच्या जंगलात प्रत्येक वेत पुढच्या पिढीचं चित्र बदलतं. २०२२ च्या गणनेत सिमिलिपालमधल्या १६ वाघांपैकी १० काळे निघाले, तो आकडाही याच नजरेने वाचायला हवा. ३७ टक्क्यांवरून थेट ६२ टक्के म्हणजे निसर्गाने काळ्या रंगाला कौल दिला असं नव्हे. इतक्या छोट्या संख्येत दोन-तीन वाघ इकडचे तिकडे झाले की टक्केवारी अशीच उड्या मारते.

अडचण नेमकी कोणती

काळा रंग हा आजार नाही. हे वाघ शिकार करतात, जोडी जमवतात, पिल्लं वाढवतात. मग चिंता कसली?

रंग डोळ्यांना दिसतो, म्हणून तो मोजता आला. जी प्रक्रिया रंगाच्या दोन प्रती एकत्र आणते, तीच प्रक्रिया न दिसणाऱ्या दोषांच्याही दोन प्रती एकत्र आणते. हृदय, हाडं, प्रजनन, रोगप्रतिकार, कुठलाही दोष असू शकतो. सिमिलिपालच्या वाघांची जनुकीय विविधता कमी आहे, हे त्याच अभ्यासात दिसलं होतं. असं दुर्लक्षित राहिलं तर काय होतं याचं ठळक उदाहरण अमेरिकेतल्या लेक सुपीरियरमधल्या आयल रॉयल बेटावरच्या लांडग्यांचं. आपसांतल्या संकरामुळे तिथल्या ५८ टक्के लांडग्यांच्या पाठीच्या कण्यात जन्मजात व्यंग आढळलं आणि २०१६ पर्यंत बेटावर दोनच लांडगे उरले. ते दोघं बाप-लेक होते.

इथे एक फसवा दिलासाही होता. ओडिशाने २०२३-२४ मध्ये स्वतः गणना केली, तेव्हा राज्यात ३० प्रौढ वाघ मिळाले, त्यातले २७ सिमिलिपालमध्ये. २०२२ च्या मानाने ही घसघशीत वाढ. बातम्यांतही ती तशीच आली. पण हे वाढलेले वाघ आले त्याच घरातून. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! संख्या आणि विविधता या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजाव्या लागतात आणि आपल्याकडे चर्चा होते ती नेहमी पहिलीचीच.

सातकोसियाचा ओरखडा

सिमिलिपालमध्ये बाहेरून वाघ आणायचे का, हे २०२४ मध्ये ठरवणाऱ्यांच्या मनात सहा वर्षांपूर्वीचं एक प्रकरण ताजं होतं, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

२०१८ साली ओडिशाने महानदीच्या घळीकाठच्या सातकोसिया व्याघ्र प्रकल्पात मध्य प्रदेशातून वाघ आणायचं ठरवलं. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात वाघ हलवून नवी वस्ती उभी करण्याचा देशातला तो पहिला प्रयोग. कान्हाहून महावीर हा नर आला, बांधवगडहून सुंदरी ही वाघीण. सप्टेंबरमध्ये गावातली एक महिला मारली गेली. ठपका सुंदरीवर आला. ऑक्टोबरमध्ये आणखी एक माणूस गेला. लोक रस्त्यावर उतरले, वनखात्याच्या मालमत्तेची जाळपोळ झाली. नोव्हेंबरमध्ये सुंदरीला बेशुद्ध करून पकडावं लागलं आणि त्याच महिन्यात महावीर मेलेला सापडला. मानेला जखम होती, फासात अडकल्याचा संशय होता. प्रयोग थांबला. सुंदरी २०२१ च्या मार्चपर्यंत कुंपणाआड राहिली आणि मग मध्य प्रदेशात परत गेली.

वाघीण वाईट निघाली, असं म्हणून हे प्रकरण मिटवता येत नाही. सातकोसियात गावं जंगलाच्या आत आणि काठाला होती, लोकांचं रोजचं येणं-जाणं त्याच वाटांवरून होतं, आणि वाघ जवळजवळ संपलेले असल्याने एका पिढीला त्यांच्यासोबत राहायची सवय उरली नव्हती. वाघ आधी आणले, बाकीची तयारी नंतर करू असा तो क्रम होता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय काहीच न करण्याचा. संख्या वाढते आहे, काळा वाघ जगात दुसरीकडे कुठे जंगलात दिसत नाही, मग छेडछाड कशाला? या मताला आर्थिक किनारही होती. जानेवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने बारीपदाजवळ काळ्या वाघांची सफारी उभारायची घोषणा केली होती. म्हणजे एका हाताने काळ्या वाघाचा फलक रंगवायचा आणि दुसऱ्या हाताने जंगलातलं त्याचं प्रमाण कमी होईल असं पाऊल उचलायचं. या विसंगतीवर उघडपणे फारसं कुणी बोललं नाही. माझ्या मते बोलायला हवं होतं, कारण पुढे जंगलात काळे बछडे कमी दिसू लागले की हाच मुद्दा वेगळ्या तोंडाने परत येणार आहे.

दुसरा पर्याय संचारमार्ग जोडण्याचा. झारखंड, छत्तीसगड आणि मध्य भारताकडच्या जंगलांशी सिमिलिपालचा दुवा सांधला तर वाघ स्वतःच येतील-जातील. तत्त्वतः हाच खरा उपाय. पण खाणी, रेल्वे, महामार्ग यांच्यामधून असा रस्ता मोकळा करायला दशकं लागतात आणि तेवढ्या काळात बंद वस्तीत चार-पाच पिढ्या होऊन जातात.

तिसरा पर्याय वाघ आणण्याचा. इथे प्रश्न होता नर की मादी. नर आणला तर एकच प्राणी अनेक वाघिणींपासून पिल्लं देऊ शकतो, परिणाम झपाट्याने दिसतो. आयल रॉयलवर १९९७ साली गोठलेल्या सरोवरावरून एक नर लांडगा चालत आला होता. त्याची पिल्लावळ इतकी पसरली, की दहाएक वर्षांत कळपातला निम्म्याहून अधिक जनुकवारसा त्याच्या एकट्याचा झाला आणि आपसांतल्या संकराचं दुष्टचक्र नव्याने सुरू झालं. शिवाय नवा नर म्हणजे हद्दीच्या मारामाऱ्या, आणि जागा जिंकली तर आधीच्या नराच्या बछड्यांचा बळी. मादीचा मार्ग संथ पण कमी उलथापालथीचा. अमेरिकेतल्या फ्लोरिडातले प्यूमा (मांजरकुळातला एक मोठा शिकारी प्राणी) असेच संकटात होते, शेपट्या वाकड्या, नरांत प्रजननाचे दोष. १९९५ साली तिथे टेक्सासहून आठ माद्या आणल्या. त्यातल्या पाचच व्याल्या, पण तेवढ्याने पुढच्या पिढ्यांतले दोष लक्षणीय कमी झाले. ओडिशाने माद्यांचा मार्ग धरला आणि तो बरोबर होता असंच मला वाटतं.

कुठून आणायच्या, याचं उत्तर तुलनेने सोपं होतं. मध्य भारतातले वाघ वंशाने फार दूरचे नाहीत आणि त्यांची विविधता चांगली आहे. त्यात चंद्रपूर जिल्ह्यात वाघ इतके, की तरुण वाघांना हद्द मिळणं मुश्कील झालं आहे आणि माणसांशी रोजचा झगडा आहे. ताडोबातून दोन वाघिणी गेल्याने तिथल्या संख्येला धक्का लागणार नव्हता.

काय केलं

राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या परवानगीने ताडोबातल्या दोन तरुण वाघिणी निवडल्या गेल्या. अडीच वर्षांची जमुना ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस रस्त्याने सिमिलिपालला पोचली. तीन वर्षांची झीनत नोव्हेंबरच्या मध्यावर आली. दोघींच्या गळ्यात उपग्रहाशी जोडलेले पट्टे होते. आल्या आल्या मोकळं न सोडता त्यांना आधी जंगलातच कुंपण घातलेल्या आवारात ठेवलं. तिथला वास, आवाज आणि सावज अंगवळणी पडावं, हा हेतू. सिमिलिपालच्या कोअर भागातली जेनाबिलसारखी गावं आधीच बाहेर हलवलेली होती, म्हणजे सातकोसियाच्या धड्यातला निम्मा भाग नीट गिरवला होता.

जमुनाला नोव्हेंबरच्या पूर्वार्धात सोडलं. झीनतला २४ नोव्हेंबरला, म्हणजे आल्यापासून जेमतेम दहा दिवसांत.

हा या प्रकरणातला पहिला निर्णायक क्षण. दहा दिवस पुरेसे होते का? या प्रश्नाला देशातच एक जुनं उत्तर होतं. २००९ साली मध्य प्रदेशातल्या पन्नात वाघ संपल्यावर पेंचहून एक नर आणला होता. सोडल्यावर तो थेट दक्षिणेकडे, आपल्या मूळ जंगलाच्या दिशेने चालू लागला. शेकडो किलोमीटर त्याचा माग काढून, बेशुद्ध करून त्याला डिसेंबरच्या अखेरीस परत आणावं लागलं. दुसऱ्या वेळी सोडताना आसपास वाघिणीचं मूत्र शिंपडलं, तेव्हा कुठे तो टिकला, आणि पुढे पन्नाच्या नव्या पिढ्यांचा बाप झाला. नवा वाघ निघून जाईल ही शक्यता म्हणूनच अपवादात धरायची नसते, ती आराखड्यात आधीच लिहायची असते.

झीनत चालू लागली

दोन आठवडे सिमिलिपालमध्ये फिरून झीनत ८ डिसेंबरच्या सुमाराला हद्द ओलांडून झारखंडात गेली. चाकुलियाच्या बाजूच्या जंगलात काही दिवस राहिली. तिथून पश्चिम बंगालमध्ये झारग्राम, मग पुरुलियातले बांदवानचे डोंगर, शेवटी बांकुडा. तीन आठवडे, तीन राज्यं, सुमारे ३०० किलोमीटर.

तिची दिशा पाहण्यासारखी आहे. ताडोबा सिमिलिपालच्या पश्चिमेला, थोडं दक्षिणेकडे झुकून. झीनत गेली उत्तरेला आणि ईशान्येला. पन्नाच्या नरासारखी ती घराकडे निघाली नव्हती. ती जागा शोधत होती. तीन वर्षांची वाघीण या वयात हेच करते, ताडोबात असती तरी तिने तेच केलं असतं. ज्या वयामुळे तिला निवडलं, त्याच वयाने तिला बाहेर नेलं. आणखी एक गोष्ट: सिमिलिपालचं जंगल ताडोबासारखं नाही. सागवान-बांबूची सपाट राई, तलावांकाठी चितळांचे कळप, पर्यटकांच्या गाड्या, हे तिचं बालपण. इथे चढउतार, दाट साल आणि सावजांची तेवढी रेलचेल नाही.

बाहेर पडल्यावर ओडिशाचं पथक तिच्या मागावर होतं, झारखंड आणि बंगालचे वनकर्मचारी सोबत होते. निर्णय सोपा नव्हता. पट्ट्यावरून ती कुठे आहे ते कळत होतं, वाटेत शेळ्या मारल्या जात होत्या, पण तिने माणसावर हल्ला केला नव्हता. मग पकडायचं कशासाठी? ज्या प्राण्याकडून काही आगळीक घडलेली नाही त्याला जाऊ द्यावं, तो स्वतःच परतेल किंवा कुठेतरी स्थिरावेल, हे एक मत. दुसरं मत म्हणजे वाट जितकी लांबेल तितकी गर्दी जमेल, आणि गर्दीत एखाद्या गावकऱ्याला पंजा लागला की सातकोसिया पुन्हा घडेल. पथकांनी आधी मधला रस्ता धरला: आमिषं बांधायची, ती थबकली की बघू. बांधलेल्या जनावरांकडे तिने बहुतेक वेळा पाठच फिरवली.

बांकुड्यात गोसाईंडिही गावाजवळच्या झाडीत ती शिरली तेव्हा मात्र वाट पाहण्याची मुदत संपली. वस्ती अगदी लागून होती. झाडीला नायलॉनच्या जाळ्यांचा वेढा पडला, कडेने आगी पेटल्या. रात्री झाडलेल्या डार्टनी ती पुरती बेशुद्ध झाली नाही. अखेर २९ डिसेंबरच्या दुपारी ती हाती लागली. कोलकात्याच्या अलिपूर प्राणिसंग्रहालयाच्या दवाखान्यात तपासणी झाली आणि १ जानेवारी २०२५ ला ती सिमिलिपालला परतली. मधल्या काळात ओडिशा आणि बंगालमध्ये शाब्दिक चकमक झडली ती वेगळीच. वाघीण तुमची, त्रास आम्हाला, असा तो सूर होता.

परिणाम

झीनतला परतल्यावर पुन्हा आवारात ठेवलं, या वेळी दहा दिवसांऐवजी काही महिने, आणि मग कोअर भागात सोडलं. जमुनाही डिसेंबरमध्ये दक्षिणेला कुलडिहा अभयारण्याच्या बाजूला गेली होती, पण तो भाग डोंगरांच्या रांगेने सिमिलिपालशी जोडलेला असल्याने त्यावर ओरड झाली नाही. दोन्ही वाघिणींनी कुणा माणसाला इजा केली नाही. सातकोसियाच्या पार्श्वभूमीवर हे यश लहान नाही.

एक अनपेक्षित गोष्ट मात्र झीनतच्या पायांनी दाखवून दिली. नकाशावर तुटलेला दिसणारा पट्टा वाघाच्या दृष्टीने तितका तुटलेला नाही. सालाची विरळ राई, टेकड्या, नाल्याकाठची झुडपं यांच्या आडोशाने तीन राज्यं ओलांडता येतात. जानेवारी २०२५ मध्ये पुरुलियाच्या त्याच डोंगरांत झारखंडकडून आलेला एक नर वाघही वावरत होता. माणसाने वाहनात घालून जे करायचा घाट घातला, ते करू पाहणारे वाघ आसपास आहेत. त्यांना टिकू दिलं जातं का, हा खरा सवाल.

वेगळं काय करता आलं असतं

मुक्काम. झीनतला परतल्यावर जो काळ आवारात दिला, तो पहिल्यांदाच द्यायला हवा होता. फार काळ कोंडल्याने प्राणी माणसाळतो ही भीती रास्त आहे, पण दहा दिवस आणि काही महिने यांच्यामध्ये बरीच जागा आहे. किती दिवस हे कॅलेंडर पाहून ठरवण्यापेक्षा वाघीण कुंपणालगत येरझाऱ्या घालते की सावज मारून त्याच्याशी बसून राहते, यावर ठरवावं.

निवड. तरुण, हद्द नसलेली वाघीण पकडायला सोपी आणि मूळ जंगलाचं नुकसान न करणारी. म्हणून ती निवडली जाते. पण भटकण्याची ओढही तिच्यातच सर्वाधिक. एकदा व्यालेली वाघीण आणली तर ती लवकर स्थिरावेल का, हे तपासण्यासारखं आहे. त्याची किंमत मूळ जंगलाने मोजायची, म्हणून हा मोह जपून करावा. नातीही आधीच तपासावीत. सरिस्कात २००८ पासून रणथंबोरचे वाघ आणले, आणि पहिल्या काही वाघांचा बाप एकच असल्याचं नंतरच्या डीएनए तपासणीत पुढे आलं. वंश सुधारायला वाघ आणायचे आणि भावंडंच आणायची, हे चाचणीच्या खर्चाच्या तुलनेत फार महाग पडतं.

शेजारी. वाघीण हद्द ओलांडेल तेव्हा कोण कुणाला कळवणार, किती अंतरापर्यंत तिला चालू द्यायचं, बेशुद्ध करण्याचा निर्णय कुणाचा, मेलेल्या शेळीची भरपाई कोणतं राज्य देणार, हे झारखंड आणि बंगालसोबत वाघीण यायच्या आधी लिहून ठेवायला हवं होतं. शेळीची भरपाई हा वरकरणी किरकोळ मुद्दा, पण डोंगरातल्या वस्तीवर वाघाविषयीचं मत तिथेच ठरतं.

महाराष्ट्रात हे सगळं आता घरचंच झालंय. २०२३ मध्ये नवेगाव-नागझिऱ्यात वाघिणी सोडल्या, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबाची एक वाघीण सह्याद्रीत आणली, जिथे तोवर फक्त तीन नर वावरत होते. चांदोलीतून बाहेर पडलेल्या वाघिणीला एका बाजूला कोकण, दुसऱ्या बाजूला ऊसपट्टा आणि थोडं दक्षिणेला गोवा-कर्नाटकाची हद्द भेटते. हे कागद आधी तयार हवेत.

राहिला प्रश्न यश मोजण्याचा, आणि इथेच सर्वांत मोठी गफलत होऊ शकते. जमुना आणि झीनत यांच्याकडे काळ्या रंगाची एकही प्रत नाही. त्यांची जोडी काळ्या नराशी जमली तरी पहिल्या वेतातला एकूण एक बछडा नेहमीच्या पट्ट्यांचा असेल. कॅमेऱ्यात ते पाहून ‘काळे वाघ संपत चालले’ अशी बातमी होईल आणि ती चुकीची असेल, कारण काळ्या बापाच्या प्रत्येक बछड्यात एक प्रत दडलेली राहणार. असे दोन वाघ एकत्र आले तर चारातला एक बछडा काळा होऊ शकतो. काळ्याशी जोडी जमली तर दोनातला एक. रंग जाणार नाही, त्याचं प्रमाण उतरेल आणि तेही अनेक पिढ्यांत. म्हणून कॅमेऱ्यासोबत दरवर्षी विष्ठेचे नमुने गोळा करून डीएनए तपासणं या योजनेच्या खर्चात पहिल्या दिवसापासून धरायला हवं: कोणत्या बछड्याची आई ताडोबाची, बाप कोण, आणि ताडोबाहून आलेला वारसा दोन-तीन वाघांतच अडकलाय की सगळ्या जंगलात पसरतोय.